इतरांच्या गाण्यांत ११ वर्षं, स्वतःची एकही रचना पुरी नाही

पत्र

मी ३४ वर्षांची, व्यवसायाने व्हायोलिनवादक. ११ वर्षं इतरांसाठी वाजवते आहे: रेकॉर्डिंग, गायकांच्या कार्यक्रमांत साथ, शिवाय आठवड्याला १४ विद्यार्थी. फोनमध्ये माझ्या स्वतःच्या सुरावटींचे २०० तरी तुकडे पडून आहेत, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण झालेली रचना एकही नाही. तीन महिन्यांपासून डाव्या कोपरापासून खाली दुखतं, रात्री करंगळी बधिर होते. मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमानंतर डाव्या कानात शिटी वाजत राहते. वर्षभर सगळी कामं बंद करून स्वतःचा अल्बम करावा असं मनात आहे. ओळखीचे वादक म्हणतात, वेडेपणा करू नकोस, एकदा बाजूला झालीस की पुन्हा कोणी बोलवणार नाही. काय करू? आणि करायचंच तर अल्बम करू की एकेक रचना काढू?

— एक व्हायोलिनवादक

उत्तर

वर्षभर सगळं बंद करू नका. कोणी पुन्हा बोलवणार नाही, ही भीती मला गौण वाटते. खरं कारण असं की सुट्टीने जे दुखणं बरं होतं, ते तुमचं नाहीच. ११ वर्षांत २०० तुकडे सुचले, म्हणजे सुचण्याला वेळ कमी पडलेला नाही. अडतंय ते पुरं करण्यापाशी. ती सवय नसताना मोकळं वर्ष हातात आलं, तर वर्षाअखेरीस ४०० तुकडे असतील आणि शिल्लक संपलेली असेल.

पण त्याआधी हात आणि कान. हे याच आठवड्याचं काम आहे, पुढच्या महिन्याचं नाही.

व्हायोलिन धरताना डावं कोपर वाकलेलं आणि हात आतून बाहेर पिळलेला असतो. कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाला लागून, अल्नर नस जाते. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग तिच्या ताब्यात. कोपर तासन्‌तास वाकलेलं राहिलं की ही नस ताणली जाते, आणि रात्री हात दुमडून झोपलात की तोच ताण पुन्हा. करंगळी रात्रीच बधिर होते याचं हे नेहमीचं कारण. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं. हाताच्या तज्ज्ञाकडे किंवा न्यूरोलॉजिस्टकडे जाताना वाद्य सोबत न्या आणि त्यांच्यासमोर पाच मिनिटं वाजवा. नुसत्या वर्णनावरून वादकाचा हात कळत नाही. नसेची वहन-चाचणी लागेल का, हे स्वतःहून विचारा. मूठ कमजोर झाली असेल, वस्तू हातातून सुटत असतील किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खपाटीला गेल्यासारखा दिसत असेल, तर दोन आठवड्यांनंतरची वेळ घेऊ नका.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे ते पूर्ण दुमडणार नाही. फोन डाव्या हाताने कानाला लावणं बंद. शिकवताना टेबलावर कोपर टेकवणं बंद. सलग २५ मिनिटांपेक्षा जास्त वाजवायचं नाही. मग पाच मिनिटं वाद्य पूर्ण खाली, हात सरळ सोडलेले. रोजच्या वाजवण्याचे एकूण तास दोन आठवडे निम्म्यावर आणा. डॉक्टरांनी काही दिवस पूर्ण बंद ठेवायला सांगितलं, तर परतताना एकदम तासभर वाजवू नका. दिवसातून दोनदा पाच पाच मिनिटं, संथ आणि सोपं. दोन-तीन दिवस त्रास झाला नाही की दोन मिनिटं वाढवा. विश्रांतीनंतर पुन्हा दुखावणारे वादक बहुतेक इथेच चुकतात. दुखणं गेलं म्हणजे ताकद आली असं धरून चालतात.

एक हिशेब वादक हटकून चुकवतात, तो शिकवण्याचा. १४ विद्यार्थी म्हणजे प्रत्येक तासात दहा-पंधरा मिनिटं तरी तुम्ही वाजवून दाखवता. तेही हात गरम न करता, विद्यार्थ्याच्या वहीकडे मान वळवून, अनेकदा शोल्डर रेस्ट (व्हायोलिनखालचा खांद्यावरचा आधार) न लावता. ही आठवड्याची दोन-तीन तासांची भर ‘वाजवणं’ म्हणून मोजली जात नाही. आठवडाभर शिकवतानाही मिनिटं लिहून ठेवा. जिथे गाऊन दाखवता येतं तिथे गा. विद्यार्थ्यांचं त्यात भलंच होतं.

वाद्यही तपासा. फिंगरबोर्ड म्हणजे बोटं दाबायची लांब पट्टी, घोडी म्हणजे तारा तोलणारा लाकडी तुकडा. फिंगरबोर्डच्या घोडीकडच्या टोकापाशी तारा किती उंच आहेत, ते मोजपट्टीने मोजा. ई तार ३ ते ३.५ मिलिमीटर आणि जी तार ५ ते ५.५ मिलिमीटर हे साधारण माप. हवेतला दमटपणा बदलला की लाकूड हलतं, मानेचा कोन बदलतो आणि तारा मिलिमीटरभर वर येतात. रोज तेच वाद्य वाजवणाऱ्याला हे जाणवत नाही. तो फक्त जास्त दाबू लागतो. मग बोटांचा दाब तपासा. बोट तारेला नुसतं टेकवून गज ओढा, फुसका आवाज येईल. गज चालू ठेवून दाब अगदी हळूहळू वाढवा आणि सूर स्वच्छ झाला त्या क्षणी थांबा. एवढाच दाब लागतो. रोज चार मिनिटं, चारही बोटांनी. आपण एरवी केवढे दाबतो हे पहिल्याच दिवशी कळतं.

दुखत नाही, पण एखादं बोट आपसूक आत वळतंय किंवा ऐकत नाही, असं कधी झालं तर रियाज वाढवू नका. हा फोकल डिस्टोनिया असू शकतो. बिघाड मेंदूच्या नियंत्रणातला असतो, आणि तेच तेच घोकून तो पक्का होतो. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६४ मध्ये असाच गेला. पुढची तीसेक वर्षं त्यांनी डाव्या हातासाठीच्या रचना, वाद्यवृंदाचं संचालन आणि शिकवणं यांवर काढली. १९९० च्या दशकात उपचारांनंतर ते दोन्ही हातांनी वाजवू लागले.

आता कान. व्हायोलिनच्या ध्वनिछिद्रांपासून तुमचा डावा कान वीतभरच दूर आहे, म्हणून व्हायोलिनवादकांचा डावा कान आधी थकतो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची प्रचलित मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. जोरकस रियाजात स्वतःचं व्हायोलिनच डाव्या कानाशी ९० च्या पुढे सहज जातं. मागे ड्रम असतील तर वेगळं सांगायला नको.

फोमचे साधे बोळे वादक एकदा वापरून फेकून देतात. ते वरचे स्वर जास्त कापतात आणि सगळं कांबळ्याआडून आल्यासारखं ऐकू येतं. वादकांसाठीचे प्लग खालच्या-वरच्या सगळ्या स्वरांना जवळजवळ सारखं कमी करतात. कानाचं माप घेऊन ते बनवतात आणि त्यात ९, १५ किंवा २५ डेसिबलचं फिल्टर बसतं. घरच्या रियाजाला डाव्या कानात ९, ड्रमसमोर दोन्ही कानांत १५. पहिले काही दिवस विचित्र वाटेल, कारण व्हायोलिनचा आवाज जबड्याच्या हाडातूनही येतो आणि कान बंद असला की तो घुमतो. म्हणून सवय घरी करा, थेट मंचावर नको. साधारण तीन आठवडे धरा. इन-इअर मॉनिटर (मंचावरचा आवाज ऐकवणारे कानातले छोटे स्पीकर) वापरत असाल तर एक कान काढून वाजवू नका. उरलेल्या कानात आवाज वाढवावासा वाटतो, आणि वाढवला जातोच.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढून घ्या आणि वर्षातून एकदा काढत जा. चाचणीआधी किमान १४ तास शांततेत गेलेले असावेत. ३, ४ आणि ६ किलोहर्ट्‌झ आवर्जून तपासायला सांगा, कारण आवाजाने झालेली इजा आधी ४ च्या आसपास खड्डा पाडते. शिटी एका रात्रीत गेली नाही तर वेळ घ्या. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्या उपचाराला दिवसांची मुदत असते.

वाजवणं निम्म्यावर आल्याने जो वेळ सुटेल त्याचं काय करायचं, हे कुमार गंधर्वांकडून घ्या. क्षयामुळे त्यांचं गाणं काही वर्षं बंद होतं. देवासला अंथरुणावर असताना कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं ते ऐकत राहिले, आणि पुढे त्या धुनांमधून त्यांचे धुनउगम राग आले. हाताला बंदी आहे, कानाला नाही. तुमच्या पुढच्या कामाची सुरुवात ऐकण्यानेच करायची आहे.

व्हायोलिन पेटीत ठेवा आणि ते २०० तुकडे ओळीने ऐका. प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं तर १०० मिनिटं. ५० मिनिटांच्या दोन बैठकी. थांबून दुरुस्ती करायची नाही, ‘हा छान होता’ म्हणून वाजवून बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी काहीही न ऐकता, आठवतील ते गुणगुणून नव्याने रेकॉर्ड करा. सहा-सातच आठवतील. तेवढेच ठेवा. बाकीचे पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि वर्षभर तिथे फिरकू नका. आठवण जे गाळते ते बहुतेक सजावटीचं असतं.

ऐकताना एक गोष्ट लक्षात येईल असा माझा अंदाज आहे. जवळजवळ प्रत्येक तुकडा आठ-दहा सेकंदांत आपली सगळ्यात सुंदर जागा गाठतो आणि पुढे कुठेच जात नाही. हा योगायोग नाही. ११ वर्षं तुमचं काम काय आहे? गायकाने ओळ संपवली की उरलेल्या दोन बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) नेमकं आणि देखणं काहीतरी भरणं. प्रतिसाद देण्यात तुम्ही तरबेज आहात. पहिलं वाक्य बोलायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही, आणि स्वतःच्या खोलीत समोर कोणी नसतं. वर्षभराच्या सुट्टीने ही गोष्ट बदलणार नाही. खोली तेवढी आणखी शांत होईल. साथीदार वादक रचनेकडे वळतो तेव्हा बहुधा इथेच अडतो, आणि प्रतिभा कमी पडली असं समजून बसतो.

यावर मार्ग आहे. स्वतःच स्वतःला प्रतिसाद द्यायला काहीतरी पुरवायचं. आज सहांपैकी एक तुकडा घ्या आणि त्याचे फक्त खालचे, लांब धरलेले सूर रेकॉर्ड करा: आठ बार, सजावट शून्य, वाटल्यास कंटाळवाणे. मग उठा. दुसऱ्या दिवशी ते लावा आणि एखाद्या गायकाला साथ करत असल्यासारखं वाजवा. तिसऱ्या दिवशी मूळ खालचे सूर बंद करून दुसऱ्या दिवसाचं वाजवणं हाच मुख्य आवाज धरा आणि त्याला उत्तर द्या. तुमच्या हाताला जे येतं त्याच्याकडूनच पहिलं वाक्य काढून घ्यायचं, असा हा सगळा डाव आहे.

यापुढे फोनवर तुकडा नोंदवताना वाजवून झाल्यावर लगेच बटण दाबू नका. तोंडाने सांगा: पट्टी कोणती, लय किती, आणि यानंतर काय यावं असं वाटतं. ‘आता हे खाली उतरून थांबलं पाहिजे’ एवढंही पुरे. तिसरी नोंद नसेल तर सहा महिन्यांनी तो तुकडा तुम्हालाच परक्याचा वाटेल. जमल्यास त्याच वेळी दुसरं वाक्यही वाजवून ठेवा, कितीही सुमार असलं तरी.

पहिल्या रचनेसाठी चौकट मुद्दाम तंग घ्या. लय मिनिटाला ७२ मात्रा, चार मात्रांचे ४८ बार. म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंद. आठ बार मुख्य सुरावट, आठ बार तीच थोड्या बदलाने, सोळा बार पूर्ण वेगळं, आठ बार परत मुख्य, आठ बार शेवट. आवाज तीनच: व्हायोलिन, एक खालचा धरलेला सूर, एक ताल. तीनच का, याला कारण आहे. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थर चढवणं इतकं सोपं आहे की रचनेत एखादी जागा पोकळ वाटली की माणूस तिच्यावर आणखी एक वाद्य घालतो. पोकळी भरत नाही, ऐकू येईनाशी होते. ३० ट्रॅकच्या अर्धवट फायली अशाच तयार होतात.

मुदत तीन आठवडे, आठवड्याला ५० मिनिटांच्या चार बैठकी, एकूण १२. पहिल्या चार बैठकींत पूर्ण ४८ बार कसेही गाठायचे. मधल्या सोळा बारमध्ये काही सुचलं नाही तर तिथे एकच सूर धरून पुढे जा, पण शेवट वाजलाच पाहिजे. पुढच्या चार फक्त त्या मधल्या भागासाठी. मुख्य सुरावटीला हात लावायचा नाही. तो मोह फार होतो, कारण ती आधीच चांगली असते. शेवटच्या चारांत रेकॉर्डिंग आणि फाइल बाहेर काढणं. १२ वी बैठक संपली की रचना पुरी. आवडली नसेल तरी पुरी. फाइलच्या नावात तारीख, पट्टी, लय घाला आणि दुसरी घ्या. पहिल्या तीन सामान्य निघतील हे धरूनच चाला.

ते वाया जात नाही. जर्मन संगीतकार बाख यांनी १७३४ च्या ख्रिसमस ओराटोरिओ या धार्मिक गायन-रचनेत राजघराण्याच्या समारंभांसाठी आधी लिहिलेलं संगीत शब्द बदलून पुन्हा वापरलं. पुरी झालेली रचना पुन्हा वापरता येते. तुकडा नाही येत. त्याला कुठे जायचं होतं हेच ठरलेलं नसतं.

तिसरी रचना झाली की दोघांना ऐकवा. एक वादक, एक संगीताशी संबंध नसलेला. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न निरुपयोगी. त्याला सगळे ‘छान’ म्हणतात. घड्याळ समोर ठेवून विचारा: लक्ष कुठे उडालं, कितव्या सेकंदाला? दोघांचा सेकंद जुळला तर दुरुस्ती तिथे, आणि बहुतेक वेळा चूक त्या जागेच्या आठ-दहा सेकंद आधी असते.

अर्धवट काम लोकांपुढे नेण्याची लाज वाटते, हे तुमच्या पत्राच्या सुरावरून जाणवतं. रशियन संगीतकार रखमानिनॉव्ह यांची पहिली सिंफनी १८९७ मध्ये पडली, आणि जवळजवळ तीन वर्षं त्यांच्या हातून फारसं काही लिहून झालं नाही. त्या काळात ते घरी बसले नव्हते. ऑपेरा कंपनीत वाद्यवृंदाचं संचालन करत होते. १९०० मध्ये डॉ. निकोलाय डाल यांचे उपचार झाले. त्यानंतरच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोचा (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा) पहिला भाग तयार नव्हता, तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरा आणि तिसरा भाग त्यांनी लोकांसमोर वाजवला. पूर्ण कॉन्चेर्तो १९०१ मध्ये आला, डाल यांना अर्पण केलेला. पहिला भाग नाही म्हणून बाकीचे दोन अडवून ठेवले नाहीत, हे मला त्या डॉक्टरांच्या प्रसिद्ध कथेपेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

सुट्टी घेऊन काहीतरी साधलेले लोक आहेत, नाही असं नाही. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स १९५९ मध्ये नाव ऐन भरात असताना कार्यक्रमांतून बाजूला झाले आणि १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करत राहिले. घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास. पण आपल्या वाजवण्यात काय सुधारायचं हे त्यांना माहीत होतं, आणि ते तासांनी सुधारण्यासारखं होतं. उलट बाजूला अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास. १९७६ मध्ये त्यांचा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, आणि त्यानंतरही ते काही काळ टॅक्सी चालवत होते. आणि ऑस्ट्रियन संगीतकार हायडन १७६१ पासून जवळपास तीस वर्षं एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत, हुकमाप्रमाणे लिहीत. पण त्यांच्या हाताशी रोजचा वाद्यवृंद होता. लिहिलेलं लगेच वाजवून बघायचं, फसलेलं काढून टाकायचं. तुमच्या कामाच्या जागी रोज चांगले वादक भेटतात. एकदा साउंड चेकनंतरच्या रिकाम्या अर्ध्या तासात त्यांच्यापैकी दोघांना तुमचे ४८ बार वाजवायला सांगा. वर्षभर घरी बसलात तर नेमकं हेच गमवाल.

कामं कमी मात्र करायची आहेत; ती कोणती, हे अंदाजाने ठरवू नका. चार आठवडे प्रत्येक कामाचे खरे तास लिहा. दोन तासांच्या कार्यक्रमाला प्रवास, साउंड चेक, वाट पाहणं आणि आवराआवर धरून आठ-नऊ तास सहज जातात. तीन तासांचं रेकॉर्डिंग बहुधा चार-पाचांत आटोपतं. मिळालेली रक्कम खऱ्या तासांनी भागा. शेजारी दोनच खुणा: दुसऱ्या दिवशी हात किंवा कान दुखला का, आणि तिथे काही नवं कानावर पडलं का. तासाला कमी देणारी, दुखवणारी आणि कानाला काही न देणारी कामं आपोआप वेगळी पडतील. एकूण कामांपैकी पावभाग एवढाच सोडा. सोडायची ती मोठ्या आवाजाचीच निघाली तर कानालाही आराम.

नकार त्याच दिवशी कळवा. ‘बघते, सांगते’ म्हणून चार दिवस लटकवलेला होकारसुद्धा आयोजकाला नकाराइतकाच महागात पडतो. ‘त्या तारखेला जमणार नाही’ एवढं पुरे. कारणं देऊ नका, आणि ते काम खरंच चोख करील अशा वादकाचं नाव द्या. पर्याय चांगला निघाला की पुढच्या वेळी फोन पुन्हा तुम्हालाच येतो. स्वतःचं काही करतेय ही घोषणा आत्ता नको. ‘ती आता कामं घेत नाही’ अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि ती मागे घेणं फार अवघड.

चार बैठकी कधी? सकाळी, फोन उघडण्यापूर्वी, आणि ज्या दिवशी रात्री कार्यक्रम आहे त्या दिवशी नको. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा १९९३ चा अभ्यास ‘निपुण व्हायला दहा हजार तास’ या आकड्यासाठी गाजला. सर्वोत्तम गटाचा एकट्याचा रियाज आठवड्याला सुमारे २४ तास होता, तोही विश्रांती घेत घेत, आणि दुपारची डुलकी ते जास्त घेत. ही दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. शिवाय ते तास वाजवण्याचे होते, रचण्याचे नव्हते. नऊ तास बाहेर काढल्यावर रात्री अकराला लॅपटॉप उघडून रचना होत नाही. तिथे फक्त नवे तुकडे होतात.

घरच्या रेकॉर्डिंगचं थोडक्यात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. माइक व्हायोलिनच्या वर ६० ते ९० सेंटिमीटरवर, घोडीच्या दिशेने. याहून जवळ आणलात तर गजाची खरखरच जास्त येते. सगळ्यात जोरात वाजवताना रेकॉर्डिंगची पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मागे आणि बाजूला जाड गोधडी टांगा, कारण छोट्या खोलीच्या भिंतींचा आवाज नंतर काढता येत नाही. फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

दोघा सहकाऱ्यांना वाजवायला बोलावलंत तर वाजवण्याआधी एक कागद करा, मैत्री कितीही असो. रचना आणि तिचं रेकॉर्डिंग या हक्काच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रचनेत कोणाचा किती टक्के, बेरीज १००. रेकॉर्डिंगची मालकी कोणाची. वाजवणाऱ्याला एकरकमी मानधन की वाटा. तारीख आणि सह्या. एखाद्याने रेकॉर्डिंगच्या वेळी सुचवलेली चार सुरांची जागा पुढे लोकांच्या तोंडी बसते, आणि मग ती कोणाची यावरून संबंध तुटतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक असतो, तो रचना बाजारात आणणाऱ्या वितरकाकडून मिळवा. त्याच रचनेची वेगळी आवृत्ती काढली तर क्रमांक नवा लागतो. जुनाच वापरला तर दोन्हींच्या नोंदी एकमेकांत मिसळतात.

अल्बम की एकेक रचना, हा प्रश्न आज सोडवायचा नाही. तीन आठवड्यांना एक या वेगाने, आजारपण, कामाची गर्दी आणि फसलेले प्रयत्न धरून, वर्षात दहा-बारा होतील. त्यांतल्या चार एकमेकींशेजारी ठेवून ऐकाव्याशा वाटल्या तर आधी त्या चारांचाच छोटा संच काढा. तोवर सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक जमली असेल आणि डॉक्टरांनी हातासाठी हिरवा कंदील दिला असेल, तर सुट्टी घ्या. वर्षभराची नाही, सहा आठवड्यांची. तेव्हा उरलेलं काम नेमकं काय आहे हे तुमच्याकडे यादीत लिहिलेलं असेल, आणि आयोजकांना परतण्याची तारीख आधीच सांगता येईल.